‘डेम्लो’ हा शब्द कुठला?

प्रश्न असा आहे: १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येला ‘डेम्लो संख्या’ म्हणतात, तर डेम्लो हा शब्द ग्रीक की लॅटिन? आणि एवढी मोठी संख्या मराठीत वाचायची कशी?

ग्रीकही नाही, लॅटिनही नाही. डेम्लो हे जुन्या जीआयपी (आताच्या मध्य) रेल्वेवरच्या एका स्टेशनचं नाव, म्हणजे आताचं डोंबिवली. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांना या संख्यांची कल्पना तिथे सुचली, म्हणून त्यांनी स्टेशनचंच नाव दिलं. ६१७४ वाले कापरेकर ते हेच (चार अंक, सगळे सारखे नसलेले, उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिलं की शेवटी ६१७४ येतो, तो ‘कापरेकर स्थिरांक’).

मूळ व्याख्या जरा व्यापक आहे. १६५ घ्या: टोकांचे १ आणि ५ मिळवले की मधला ६ येतो. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५, आणि मध्ये पाचच पाच. अशा सगळ्या डेम्लो. टोकाला एकाहून जास्त अंकही चालतात: १२३२१ मध्ये १२ आणि २१ मिळून ३३, आणि मध्ये ३. १, १२१, १२३२१ या चढत्या-उतरत्या संख्या त्यांतल्या ‘अद्भुत’ डेम्लो. तुमची संख्या त्याच माळेतली, नऊ एकांच्या संख्येचा वर्ग: १११११११११ × १११११११११.

तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला नि:शेष भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग (यात ८ गायब आहे, छपाईची चूक नव्हे). उलट ८१ ने गुणलं तर ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनीच ‘हर्षद’ म्हटलं: हर्ष देणारी. हा शब्द मला डेम्लोपेक्षा सरस वाटतो. संस्कृत येणाऱ्याला तो न सांगता कळतो, डेम्लोसाठी रेल्वेचं जुनं वेळापत्रक हवं!

आता वाचन. रोजच्या पद्धतीने ‘एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस’. कोटी दोनदा येतो आणि ऐकणारा गोंधळतो. त्यापेक्षा भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली स्थानांची नावं वापरा: १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ सहस्र, ३ शत, २ दश, १. गंमत म्हणजे या क्रमात अंत्य शेवटी नाही आणि मध्य मधोमध नाही, तो सगळ्यांच्या डोक्यावर बसलाय.

‘दहा एकांचा वर्गही असाच येईल ना?’ असं कोणीतरी विचारणारच. नाही येत. गुणाकार मांडला की मधल्या स्तंभात दहा एक जमतात, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असं निघतं.