परीक्षेच्या टेन्शनमध्ये दारू पितो, ध्यानाने सुटेल का?

तू लिहितोस की सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेस. पेपर, बॅकलॉग, घरचा फोन, काहीही झालं की रूमवर क्वार्टर येते, आणि आता मित्र म्हणतोय विपश्यनेला जा. मी इथेच विश्रामबागला समुपदेशन करते. तुझ्या वयाची मुलं रोज समोर असतात, म्हणून अरेतुरे करते, राग मानू नको.

ध्यानाने दारू आपोआप सुटत नाही. तलफ आल्या आल्या उठून दुकान गाठायचं नाही, एवढं मात्र शिकता येतं. मित्रांत मजा म्हणून पिणारा आणि मनातलं दाबायला पिणारा, यांत दुसरा लवकर अडकतो, पीत तितकीच असला तरी. तू दुसऱ्यातला दिसतोस.

बहुतेक मुलं मन शांत करायला म्हणून डोळे मिटतात. पाच मिनिटांत बॅकलॉग आठवतो, छाती धडधडते, की 'आपल्याला नाही जमत' म्हणून उठतात. अरे, शांत वाटावं म्हणूनच तर क्वार्टर होती! इथे जे वाटतंय ते वाटू द्यायचं आणि न पिता बसून राहायचं.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट याला 'अर्ज सर्फिंग' (urge म्हणजे तलफ) म्हणायचे, तलफेच्या लाटेवर ती उतरेपर्यंत तरंगत राहायचं. आपल्याला कुठलं सर्फिंग, आपल्याला पूर माहीत. कृष्णेला पाणी चढलं की अख्खी सांगली आयर्विन पुलाची पातळी विचारते: किती फूट झालं, वाढतंय का थांबलंय? तसंच कर. आधी मेसला जेवून घे, उपाशीपोटी तलफ जास्त येते. ग्रुपवर 'बसायचं का?' आलं की फोन पालथा ठेव. घसा कोरडा पडलाय का, जबडा आवळलाय का, पोटात काय होतंय, बघ. तलफेला १० पैकी आकडा दे आणि दर पाच मिनिटांनी वहीत लिही. घालवायला जाऊ नको. बहुतेकांचा आकडा अर्ध्या तासात उतरायला लागतो. शेजारी तासाभरापूर्वी काय झालं होतं तेही लिही. (माझ्याकडच्या कितीतरी मुलांच्या वहीत पेपरापेक्षा वडिलांचा फोनच जास्त वेळा निघतो.)

याचा ८ आठवड्यांचा रीतसर कार्यक्रम आहे. २०१४ साली अमेरिकेतल्या २८६ जणांवरच्या चाचणीचे निकाल आले. वर्षभरानंतर हा कार्यक्रम केलेल्या गटाचं भरमसाट पिणं इतरांपेक्षा कमी होतं. पण ती माणसं आधी व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन आलेली होती, हे कुणी सांगत नाही.

विपश्यनेला माझा विरोध नाही, मार्लाट यांनीही तुरुंगातल्या कैद्यांवर तिचा अभ्यास केला होता. पण रोज पिणाऱ्याने थेट १० दिवसांच्या मौनात जाऊन दारू तोडू नये. सकाळी हात थरथरत असतील, उताऱ्याच्या घोटाशिवाय चालत नसेल, तर ध्यान राहू दे बाजूला. अशी दारू एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. मिरजेच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचारवाल्या डॉक्टरांना भेट, औषधं देऊन ती सुखरूप सोडवतात. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

बॅकलॉग मात्र ध्यानाने निघत नाही. त्यासाठी त्या विषयाच्या सरांनाच गाठ, सुट्ट्या लागायच्या आत.