बफर आधी बघ, नंबर मग

अगं,

तुझा भलामोठा मेसेज वाचला. लीड्सला रूम मिळाली, कॉलेज सुरू झालं, सगळं छान, पण खरं दुखणं शेवटच्या चार ओळींत होतं ते कळलं मला. इंटरसिटी 125, म्हणजे ब्रिटनच्या जुन्या वेगवान डिझेल गाड्या, ज्यांना एचएसटी (हाय स्पीड ट्रेन) म्हणतात, त्या बघायच्या राहून गेल्या. लंडनच्या पॅडिंग्टनहून पूर्ण लांबीची शेवटची एचएसटी सुटली 18 मे 2019 ला, तेव्हा तू कल्याणला शाळेत होतीस, मग सप्टेंबर 2023 मध्ये क्रॉसकंट्री या कंपनीनेपण त्यांच्याकडच्या काढल्या, आणि आता म्हणतेस की काका, मी आले तोवर पंगत उठली होती.

शेवटच्या फेऱ्यांची एवढी हळहळ नको करूस. तिथे गाडी कमी दिसते, लोकांचे हात आणि मोबाईल जास्त दिसतात. मला विचारशील तर या गाड्यांच्या अंगावर पन्नास वर्षांत काय काय झालंय ते वाचायला शिक, ते वाचायला अजून भरपूर शिल्लक आहे आणि बहुतेक सगळं तुझ्या लीड्सच्या आसपास आहे.

बफरपासून सुरुवात कर, म्हणजे गाडीच्या टोकाला धक्का झेलायला असतात त्या गोल चकत्या. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. सत्तरच्या सुमाराला ब्रिटिश रेलचा सगळा जीव एपीटीत (ॲडव्हान्स्ड पॅसेंजर ट्रेन) अडकला होता, वळणावर झुकणारी गाडी, भविष्य वगैरे. ती कधी तयार होईल याचा भरवसा नव्हता म्हणून टेरी मिलर या इंजिनिअरच्या टीमने म्हटलं की आहे त्या रुळांवर, आहे त्या सिग्नलमध्ये डिझेलवर ताशी 125 मैल पळणारी गाडी आम्ही तोपर्यंत करून देतो. म्हणजे निव्वळ वेळ भागवायची सोय. पण काम बघ कसलं केलं. सिग्नल तेच ठेवायचे म्हणजे 100 मैलांवरून थांबायला जेवढं अंतर मिळत होतं तेवढ्यातच 125 वरून थांबायचं, म्हणून डिस्क ब्रेक आले. एकच भारी इंजिन लावलं तर रूळ मार खाणार, म्हणून दोन टोकांना दोन पॉवर कार, म्हणजे इंजिन असलेले डबे, साधारण 70 टनांची एक, आणि प्रत्येकीत 2250 हॉर्सपॉवरचं पॅक्समन व्हॅलेंटा इंजिन. प्रोटोटाइपने जून 1973 मध्ये ताशी 143 मैल गाठले, 4 ऑक्टोबर 1976 ला ब्रिस्टल आणि साउथ वेल्सकडे नियमित सर्व्हिस सुरू झाली, आणि ज्या एपीटीसाठी ही सोय केली होती ती आज क्रू गावच्या हेरिटेज सेंटरमध्ये लाइनच्या कडेला उभी आहे.

आता नाक. केनेथ ग्रेंजना खरं तर रंगाचं काम दिलं होतं, मिक्सर, कॅमेरे असल्या वस्तू डिझाइन करणारा माणूस, पण त्यांना समोरचा आकारच आवडला नाही, मग विंड टनेलमध्ये मॉडेल तपासत बसले आणि नवीन नाक घेऊनच परत आले. त्यात बफर गायब! प्रोटोटाइपच्या नाकाला बफर होते, ड्रायव्हरची सीटही मधोमध एकच होती. फायनल गाडीत कॅब दोन माणसांची झाली आणि नाक गुळगुळीत झालं. यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियमकडे प्रोटोटाइपची 41001 पण आहे आणि ग्रेंज यांचं नाव लावलेली 43002 पण आहे, दोन्ही बघायला मिळाल्या तर फरक तुला सांगावाही लागणार नाही.

आणि तरीसुद्धा जुन्या फोटोंत तुला बफरवाल्या काही पॉवर कार दिसतील. एकूण 197 पैकी फक्त आठ. नवखे लोक म्हणतात अपघातात नाक बदललं असेल, तसं काही नाही. 1987 च्या सुमाराला ईस्ट कोस्ट मार्गावर क्लास 91 ची इलेक्ट्रिक इंजिनं आली पण त्यांच्याबरोबर दुसऱ्या टोकाला लागणारे ड्रायव्हिंग डबे वेळेत आले नाहीत, मग या आठ पॉवर कारना बफर बसवून त्या जागी जोडलं. पुढे त्यातल्या सहा ग्रँड सेंट्रल कंपनीकडे गेल्या, किंग्ज क्रॉस ते संडरलंड, आणि 43013 आणि 43014 नेटवर्क रेलच्या पिवळ्या मेजरमेंट ट्रेनला लागल्या, म्हणजे रूळ मोजत देशभर फिरल्या. आता हे सगळं फक्त नंबरवर टिक करून तुला कधी कळलं असतं का?

नंबरही वाच, नाही असं नाही, पण सरळ विश्वास ठेवू नकोस. 2005 नंतर बऱ्याच पॉवर कारमधून व्हॅलेंटा काढून जर्मन एमटीयू कंपनीचं इंजिन बसवलं, तेव्हा ईस्ट कोस्टवाल्यांनी आणि क्रॉसकंट्रीने नंबरात 200 वाढवले, 43007 ची 43207 झाली. ग्रेट वेस्टर्नने इंजिन बदललं पण नंबर तेच ठेवले, त्यामुळे तिथे कानानेच ओळखावं लागायचं. सगळ्यात मजेशीर 43102. नोव्हेंबर 1987 मध्ये डार्लिंग्टन ते यॉर्कच्या पट्ट्यात 43159 बरोबर तिने 148.5 मैल, म्हणजे जवळजवळ 239 किमी वेग गाठला, डिझेलचा तेव्हाचा विश्वविक्रम, आणि नंतर कित्येक वर्षं ती 43302 म्हणून साधी पॅसेंजर ओढत होती, रोज चढणाऱ्यांतल्या किती जणांना ते माहीत असेल देव जाणे. आता परत जुन्या नंबरात, जुन्या रंगात शिल्डनच्या लोकोमोशन म्युझियममध्ये आहे.

आवाजाबद्दल विचारलं होतंस. व्हॅलेंटाचा टर्बो स्टेशनमधून निघताना अक्षरशः किंचाळायचा, छत असलेल्या स्टेशनात तर बोलणं बंद करावं लागायचं. रेग्युलर सर्व्हिसमधला तो आवाज 2010 मध्ये ग्रँड सेंट्रलबरोबर संपला. इथले लोक त्याला थ्रॅश म्हणतात, धुराला क्लॅग, तुला हे शब्द कानावर पडतीलच. रेकॉर्डिंग ढीगभर आहेत, पण हेडफोन लावून ऐक, लॅपटॉपच्या स्पीकरवर नुसती शिट्टी वाटते.

आणि प्रेम असलं तरी डोळे झाकून नको. 12 ऑगस्ट 2020 ला स्कॉटलंडमध्ये स्टोनहेवनजवळ कारमाँटला पावसाने वाहून आलेल्या दगडांवर एचएसटी रुळावरून उतरली, ड्रायव्हर, कंडक्टर आणि एक प्रवासी गेले. सरकारी तपासाचा रिपोर्ट वाच, लांब आहे पण वाच. त्यात म्हटलंय की आजच्या नियमांप्रमाणे बांधलेली गाडी असती तर परिणाम कमी वाईट झाला असता ही शक्यता जास्त. फॅन लोक हा विषय निघाला की फक्त ड्रेनेजबद्दल बोलतात, ड्रेनेजचा दोष होताच, पण चाळीस वर्षं जुनी गाडी पुढच्या पिढीला भाड्याने देत राहण्याची एक किंमत असते आणि ती बोलून दाखवायला हवी.

दुसरी गंमत ब्रिस्टलला बघ. एचएसटी गेल्या, हिताचीच्या नव्या गाड्या 2017 मध्ये आल्या, पण विजेची वायर ब्रिस्टलच्या टेम्पल मीड्स स्टेशनपर्यंत पोचलीच नाही, पैशाअभावी काम मध्येच सोडलं. त्यामुळे नवीकोरी गाडी चिपनहॅमच्या पुढे बाथ, ब्रिस्टलला आजही डिझेलवरच जाते, फक्त इंजिनं आता फरशीखाली लपलीयेत. तात्पुरतं म्हणून जे सुरू केलं ते असं चालू राहतं.

प्लॅटफॉर्मवरचं थोडं सांगतो, पटकन. स्टाफला आधी सांग, फ्लॅश मारू नको, ट्रायपॉड कडेला लावू नको, पिवळ्या रेषेच्या मागे राहा. टोकाला उभी असलेली मंडळी बहुतेक साठीच्या पुढची आणि पुरुषच असतील, 1942 पासून इयान ॲलनच्या नंबरांच्या पुस्तिका घेऊन उभी राहणारी ही जमात, तुला बघून आधी जरा बावरतील, तू एक बरा प्रश्न विचारलास की दोन तास सोडणार नाहीत. एखादा जण वात आणत असेल तर सरळ उठून दुसऱ्या प्लॅटफॉर्मला जा, लाजायचं काही कारण नाही. हेडकोड, म्हणजे गाडीचा वेळापत्रकातला कोड, 1क्यू ने सुरू होत असेल तर थांब, ती टेस्ट ट्रेन असते. आणि वहीत नंबराबरोबर काय जोडलेलं होतं, कुठल्या टोकाला काय होतं, आवाज कसा होता, कोण काय म्हणालं, हे लिहीत जा, नंबर काय, कुठल्याही साइटवर मिळतो.

सुट्टीत घरी जाशील तेव्हाही हेच कर. कल्याण, पुण्याच्या शेडच्या अल्को (जुनी डिझेल इंजिनं) झपाट्याने कमी झाल्यात, सगळीकडे वायर आलीय. त्यातली एखादी डब्ल्यूडीएम-3ए दिसली तर नुसता फोटो काढून निघू नकोस, ती मुळात डब्ल्यूडीएम-2 होती का, पतियाळाला जाऊन 2600 ची 3100 हॉर्सपॉवर होऊन आली का, हे शोध. शेडमधून रिटायर झालेले कितीतरी फिटर, ड्रायव्हर कल्याणातच राहतात, त्यांना जाऊन विचार, चहा तेच पाजतील. हे काम इथल्या लोकांनी स्वतःच्या गाड्यांसाठी कधीच करून ठेवलंय, आपल्याकडे हात कमी आहेत.

आधी यॉर्क कर, लीड्सहून जवळ आहे, प्रवेश फुकट आहे, फक्त कुठली गाडी सध्या बाहेर मांडलीय ते साइटवर बघून जा. नंतर डार्लिंग्टनला बदलून शिल्डन. त्या दिवशी मीपण रेडिंगहून येतो, आधी कळव म्हणजे ॲडव्हान्स तिकीट काढतो, आणि रेलकार्ड (तिकिटावर सवलत देणारं कार्ड) अजून काढलं नसशील तर आजच काढ. फक्त रविवार नको गं, रविवारी कुठेतरी इंजिनिअरिंग वर्क असतंच आणि निम्मा प्रवास बसने करावा लागतो.

तुझा,
काका