शून्यापासून नवं प्रॉडक्ट उभं करताना सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय: "नागपूरच्या एका छोट्या कंपनीत नुकतीच प्रॉडक्ट मॅनेजरची नोकरी लागली. शेतकऱ्यांसाठी काहीतरी नवं काढा, एवढंच सांगितलंय. सुरुवात कुठून करू, आणि ते चालेल की नाही हे बनवण्याआधी कसं कळेल?"

मी हेच काम नागपुरात राहून संत्र्याच्या बगीचेवाल्यांसाठी केलंय, म्हणून त्याचंच सांगते.

आमची मूळ कल्पना भावाच्या अ‍ॅपची होती. कळमन्याच्या मार्केट यार्डातला भाव रोज सकाळी मोबाइलवर आला की शेतकऱ्याचं नुकसान टळेल, असं ऑफिसात बसून आम्हाला पक्कं वाटत होतं. काटोल-नरखेडकडच्या दहा-बारा जणांना कागदावर काढलेले स्क्रीन दाखवले. सगळे म्हणाले, "बढिया आहे जी, बनवा." घरी आलेल्या पाहुण्याला, तेही चहा पाजल्यावर, आपल्याकडे कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. ते होकार मी अहवालात मागणीचा पुरावा म्हणून लिहिले. ती माझी मोठी चूक होती, आणि त्यात आमचे दोन महिने गेले.

नंतर मी अ‍ॅपचं नावच काढणं बंद केलं. एकच विचारायचे (आंबिया म्हणजे संत्र्याचा एक बहार, फुलोऱ्याचा हंगाम): "मागच्या आंबियाचा माल कसा विकला? पहिल्यापासून सांगा." काटोलजवळचे एक काका म्हणाले, "भाव पाहून काय करू ताई? माल झाडावर असतानाच सौदा झाला. व्यापारी आला, बगीच्यातून फिरला, इतका माल निघन म्हणाला, इसार देऊन गेला. तोडाईच्या वक्ताले भाव वाढो का पडो, मले काय!"

या एका उत्तरानं आमचं प्रॉडक्ट बदललं. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये उतरतं. ज्यांच्याशी मी बोलले त्यांतल्या बहुतेकांचा सौदा तोडाईच्या कितीतरी आधी झालेला होता. त्या वेळी खरा प्रश्न भावाचा नसतो, झाडांवर माल किती आहे याचा असतो. व्यापाऱ्यानं शेकडो बगीचे पाहिलेले असतात, शेतकऱ्यानं फक्त स्वतःचा. सहा बाय सहा मीटरवर लागवड असेल तर हेक्टरी 277 झाडं बसतात. झाडामागे शंभर फळांचा अंदाज चुकला की हेक्टरी 27,700 फळांचा फरक पडतो. फळ दीडशे ग्रॅमचं धरलं तर हा चार टनांहून जास्त माल झाला. हे गणित वहीत मांडल्यावर त्या रात्री मला झोप आली नाही.

म्हणून मुलाखतीत 'तुम्हाला हे आवडेल का', 'तुम्ही वापराल का' हे प्रश्न टाळा. मागच्या वेळी काय झालं, त्यावर तुम्ही काय उपाय केला, त्यात किती पैसे किंवा दिवस गेले, हे विचारा. एका भाऊंनी गावातल्या जाणकार माणसाला दिवसाची मजुरी देऊन बगीचा मोजून घेतला होता. माझ्या सगळ्या वहीत याहून भक्कम नोंद नव्हती. अडचणीवर माणूस आधीच खिशातून खर्च करत असेल तर ती अडचण खरी समजा.

पुढची परीक्षा आम्ही कोडची एक ओळ न लिहिता घेतली. दोन मुलं, हातात धरायचे टिचकीचे काउंटर आणि एक वही. ठरावीक झाडांवरची फळं मोजायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका पानाचा अंदाज व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा. 500 रुपये, आगाऊ. पंधरा जणांना विचारू, निदान चौघांनी पैसे दिले तर पुढे जाऊ, नाहीतर थांबू, हे आधीच कागदावर लिहून मालकांची सही घेतली. हा कागद फार महत्त्वाचा आहे. निकाल आल्यावर आकडा ठरवायला बसलात तर प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ काढतो. सहा जणांनी पैसे दिले.

हा मार्ग नवा नाही. 1999 मध्ये निक स्विनमर्न यांनी झॅपोस ही ऑनलाइन बूट विकणारी कंपनी सुरू करताना चपला-बुटांचं गोदाम भरलं नव्हतं. जवळच्या दुकानांतल्या बुटांचे फोटो काढून वेबसाइटवर टाकले आणि ऑर्डर आली की त्याच दुकानातून जोड विकत घेऊन पाठवला. लोक बूट न घालून पाहता विकत घेतील का, हीच त्यांची सगळ्यात मोठी शंका होती आणि आधी तीच तपासली. तुमच्या कल्पनेतही अशी एक शंका असेल, जी खोटी ठरली तर बाकी सगळं फुकट जाईल. पहिले पैसे तिथे घाला.

पैसे आले म्हणजे काम झालं, असंही नाही. आमची दुसरी शंका अचूकतेची होती. एका बगीच्यात प्रत्यक्ष माल आमच्या अंदाजापेक्षा बराच कमी निघाला. मुलांनी रस्त्याकडेची झाडं मोजली होती. ती चांगली भरलेली होती, आतली डिंक्या रोगानं खराब झालेली. त्या शेतकऱ्याचे पैसे परत केले, माफी मागितली आणि तेव्हापासून मोजायची झाडं चिठ्ठ्या टाकून निवडायला लागलो. ही गोष्ट अ‍ॅप बांधून कळली असती तर ती शेकडो बगीच्यांत पसरल्यावर कळली असती.

स्टार्टअपच्या वाढीवर काम करणाऱ्या शॉन एलिस यांची 40 टक्क्यांची कसोटी तुम्ही वाचाल: 'हे उद्या बंद झालं तर कसं वाटेल' असं वापरणाऱ्यांना विचारायचं आणि 40 टक्के जण 'फार वाईट वाटेल' म्हणाले तर योग्य दिशेला आहात असं मानायचं. कसोटी चांगली आहे, पण सहा माणसांत टक्केवारीला अर्थ नाही. मी एवढंच पाहिलं की कोणी न सांगता शेजाऱ्याला आमच्याकडे पाठवतं का. सहापैकी तिघांनी पाठवलं.

वेळापत्रकाचं आताच सांगून ठेवते. दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे कामाचे छोटे टप्पे, ऑफिसात ठीक, पण आंबियाच्या सौद्यांचे दिवस हुकले तर तो प्रयोग पुढच्या वर्षीच. मृग बहाराची फुलं जून-जुलैत येतात, फळ फेब्रुवारीनंतर, आणि प्रत्येक जण तो बहार धरत नाही. आधी बहाराचं कॅलेंडर भिंतीवर लावा, मग ऑफिसचं. झाडाच्या रोगावर सल्ला देणारं फीचर जोडायचा मोहही होईल. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतल्या जाणकारांशी बोलल्याशिवाय त्याला हात लावू नका, चुकीच्या फवारणीची किंमत शेतकरी मोजतो.

आम्ही शेवटी बांधलं ते फक्त मोजणाऱ्या मुलांसाठी मोबाइलवरचा एक साधा फॉर्म. शेतकऱ्याला आजही व्हॉट्सअ‍ॅपवरच ते एक पान जातं. डॅशबोर्ड हवा म्हणून ऑफिसात फार आग्रह झाला, मी मानला नाही, कारण एकाही शेतकऱ्यानं तो मागितला नव्हता.

तुम्ही कोणत्या पिकावर काम करणार हे लिहिलेलं नाही. आधी ते ठरवा, त्या पिकाच्या पंधरा घरी जाऊन मागच्या हंगामाची पूर्ण हकिकत ऐका आणि त्यांची वाक्यं त्यांच्याच शब्दांत लिहून इथे टाका. मी वाचेन, आणि पैसे मागण्याआधी कोणती शंका तपासायची ते आपण मिळून ठरवू.