गालावरचे खड्डे आणि ऑनलाइन मागवलेला रोलर

प्रश्न : मॅडम, मी २६ वर्षांचा आहे, सांगलीजवळ राहतो. कॉलेजात असताना खूप पिंपल्स यायचे, सगळे नखाने फोडले, त्याचे दोन्ही गालांवर खड्डे पडलेत. मित्राने सांगितलं म्हणून दीड एमएमच्या बारीक सुया असलेला डर्मारोलर ऑनलाइन मागवला, तीन-चार वेळा फिरवला, रक्त आलं, मग वर लिंबू आणि घरात होतं ते क्रीम लावलं. खड्डे तसेच आणि गाल काळे पडलेत. पार्लरमधल्या ताई म्हणतात लेझर करा, एका सिटिंगमध्ये क्लीन. हनुवटीवर अजून अधूनमधून पिंपल येतात. मे महिन्यात लग्न आहे, म्हणजे जेमतेम पाच महिने. काय करू?

उत्तर : आधी उठा आणि तो रोलर फेकून द्या, बाकीचं मग वाचा. दीड एमएमची सुई हे क्लिनिकमधलं काम आहे, तिथे आधी पाऊण-एक तास बधिर करणारं क्रीम लावून ठेवतात, सुया नव्या पॅकमधून काढतात आणि एका पेशंटला वापरल्या की टाकून देतात. तुम्ही तोच रोलर चौथ्यांदा फिरवलात आणि वर लिंबू पिळलंत, काय झोंबलं असेल हो! शिवाय चालू पिंपलवरून रोलर गेला की तिथले जंतू गालभर पेरले जातात.

आणि ते 'घरात होतं ते क्रीम' कुठलं? ट्यूबवर बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही असेल तर ते स्टेरॉइड आहे, चेहऱ्यावर असंच लावत राहिलं की कातडी पातळ होते आणि त्यानेच नवे पिंपल्स येतात. ट्यूब घेऊनच डॉक्टरांकडे जा, म्हणजे तुम्हाला नाव पाठ करायला नको.

आता काळेपणाचं. तो वेगळा आणि खड्डा वेगळा, लोक दोन्हीची गल्लत करतात. काळेपणा म्हणजे दुखावलेल्या कातडीने सोडलेला रंग, तो सनस्क्रीन नेमाने लावलं की काही महिन्यांत बराच फिका होतो. खड्ड्याचं तसं नाही, तिथे आतलं कोलॅजनच, म्हणजे कातडीला आतून धरून ठेवणारं प्रथिनच गेलेलं असतं, क्रीमने तो भरून येत नाही मग जाहिरातीत काही का सांगेनात.

आपले खड्डे कुठल्या जातीचे ते बघायला रात्री लाइट बंद करून आरशासमोर उभे राहा आणि मोबाइलचा टॉर्च गालाच्या बाजूने धरा, समोरून नाही. मग दोन बोटांनी कातडी ताणा. ताणल्यावर नाहीसे होतात ते लाटेसारखे उतरते खड्डे, त्यांना रोलिंग म्हणतात. कांजिण्यांच्या खुणेसारखी कड दिसते तो बॉक्सकार. आणि दाभण खुपसल्यासारखं बारीक पण खोल भोक राहतं तो आइसपिक. बहुतेकांच्या गालावर तिन्ही असतात, म्हणूनच एकच मशीन सगळ्यांवर फिरवून भागत नाही.

रोलिंगचं म्हणाल तर गोधडीला टाका घातला की तिथे कसं खोलगट होतं, तसंच. खालून तंतू कातडीला ओढून धरतात, वरून कितीही घासा, टाका सुटत नाही. मग सबसिजन करतात, भूल देऊन कातडीखालून सुई किंवा कॅन्युला (बोथट टोकाची बारीक नळी) घालून तो टाका सोडवायचा. तंतू तुटताना आतून करकर आवाज येतो, पेशंट दचकतात, मी आधीच सांगून ठेवते. नंतर आठवडाभर गाल काळानिळा आणि सुजलेला असतो, ऑफिसात सांगायला काहीतरी कारण तयार ठेवा.

आइसपिकला मात्र टोकदार काडीने कडक टीसीए म्हणजे ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा थेंब थेट भोकात लावतात, काही सेकंदांत तेवढाच ठिपका पांढरा होतो, मग खपली धरते आणि भोक हळूहळू तळातून भरतं. टीसीए क्रॉस म्हणतात याला, २००२ साली कोरियातल्या डॉक्टरांनी ही पद्धत मांडली. ते अ‍ॅसिड ऑनलाइन शोधायला जाऊ नका, तुमचा रोलरचा इतिहास बघून मुद्दाम सांगतेय.

लेझर वाईट नाही. पण आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला उष्णता लागली की ती काळी पडू शकते, आणि तुमची तर आत्ताच पडलीय. सुयांचं काम, म्हणजे मायक्रोनीडलिंग किंवा त्यातलंच आरएफवालं (सुयांच्या टोकातून आत रेडिओ लहरी सोडणारं), आपल्याकडे जास्त सेफ पडतं. ३ ते ६ सिटिंग, मध्ये ४ ते ६ आठवडे, आणि कोलॅजन भरायला पुढे आणखी काही महिने. एका सिटिंगमध्ये क्लीन म्हणणाऱ्या ताईंना लांबूनच नमस्कार करा. गाल अगदी गुळगुळीत कुणाचाच होत नाही, निम्मा फरक पडला तरी मी खूश असते.

तुमच्यासाठी क्रम असा, पहिला दीड महिना फक्त चालू पिंपल्स आटोक्यात आणायचे आणि काळेपणा उतरू द्यायचा, मग सबसिजन, मग जमलं तर सुयांची दोन सिटिंग. शेवटचं सिटिंग आणि हळद यात निदान सहा आठवडे असू द्या. राहिलेलं लग्नानंतर करा, खड्डे काही पळून जात नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी २१ वर्षांची आहे, पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत. एक डॉक्टर म्हणतात गोळ्या संपल्यावर सहा महिने चेहऱ्याला हात लावायचा नाही, दुसरे म्हणतात आत्ताच सुरू करू. खरं कुणाचं?

उत्तर : ताई, दोघांचंही थोडं थोडं. सहा महिने थांबायचा नियम जुना आहे. २०१७ साली अमेरिकेतल्या त्वचा सर्जन मंडळींनी अभ्यास तपासून सांगितलं की वरवरच्या पीलसाठी (औषध लावून कातडीचा अगदी वरचा पापुद्रा सोलणं) आणि काही लेझरसाठी एवढं थांबायला पुरेसा आधार नाही. पण कातडीचा वरचा थर सरसकट काढणारं लेझर किंवा चेहरा यंत्राने घासणं, ते गोळ्या चालू असताना नकोच. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांना विचारा की 'आत्ताच' म्हणजे नेमकं काय करणार. या गोळ्यांवर असताना आणि संपल्यावर महिनाभर दिवस जाऊ देऊन चालत नाही, बाळाला गंभीर व्यंग येऊ शकतं, हे मुलीला स्पष्ट सांगा, लाजू नका. आणि कान टोचल्यावर किंवा लसीच्या जागी तिला कधी फुगीर कडक गाठ आली होती का ते आठवून बघा, आली असेल तर सुई लावायच्या आधी डॉक्टरांना दाखवा.