एनव्हीएमई घ्यावी की साटाच पुरे?

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपला एच८१ मदरबोर्ड, चौथ्या पिढीचा आय-५ आणि १ टीबीची हार्ड डिस्क आहे. विंडोज १० सुरू व्हायला फार वेळ लागतो. दुकानदार म्हणतात, ‘साटा आता जुनं झालं, पीसीआयई कार्ड लावून एनव्हीएमई एसएसडी टाका.’ टाकू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नको. या मशीनला २.५ इंची साटा एसएसडीच घ्या. (एसएसडी म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपवर डेटा साठवणारी डिस्क. साटा ही ती केबलने जोडायची जुनी पद्धत; एनव्हीएमई ही पीसीआयई या वेगवान जोडणीवरून चालणारी नवी पद्धत.)

एच८१ बोर्डांचा बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम, सहसा एनव्हीएमईवरून विंडोज सुरू (बूट) करू शकत नाही. कार्ड लावल्यावर विंडोजला ती एसएसडी दिसेल, पण विंडोज सुरू होईल जुन्या हार्ड डिस्कवरूनच. म्हणजे पैसे खर्चूनही मूळ दुखणं तसंच. शिवाय या बोर्डाचा छोटा पीसीआयई स्लॉट सेकंदाला ५०० एमबीच्या पुढे जात नाही. साटा एसएसडी ५५० एमबीपर्यंत देते.

तुमचं मशीन रखडतं ते हजारो बारीक फायली शोधताना. हार्ड डिस्कचा हेड प्रत्येक वेळी जागेवर पोचायला साधारण १० मिलिसेकंद घेतो; कुठल्याही एसएसडीला त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकाच वेळ लागतो. खरा फरक इथे पडतो. एनव्हीएमईचे ३,५०० एमबीचे आकडे मोठे व्हिडिओ कॉपी करताना कामाचे.

लावताना पोर्ट नीट बघा. एच८१च्या चार साटा पोर्टांपैकी दोनच ६ गिगाबिटचे असतात. बहुधा त्यांचा रंग वेगळा असतो किंवा शेजारी तसं छापलेलं असतं. बायोसमध्ये साटाचा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) एएचसीआय आहे ना, तेही पाहा. आयडीई हा जुना मोड असेल तर थेट बदलू नका, निळा स्क्रीन येईल. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, मग मोड बदला.

क्लोन करण्याआधी, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत एसएसडीवर उतरवण्याआधी, जुन्या डिस्कची स्मार्ट तपासणी (डिस्क स्वतःच नोंदवते ती तब्येत) करा. खराब सेक्टर वाढत असतील तर क्लोनच्या भानगडीत न पडता आधी कागदपत्रं आणि फोटो दुसरीकडे उतरवून घ्या. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. दोन्ही डिस्कांची सही (विंडोज डिस्क ओळखतं तो क्रमांक) सारखी असली की विंडोज गोंधळतं आणि एक डिस्क ऑफलाइन टाकतं.

प्रश्न : लॅपटॉपमध्ये एम.२ स्लॉट रिकामा आहे. त्यात एनव्हीएमई चालेलच ना?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : खात्री नाही. एम.२ हा पट्टीसारख्या एसएसडीचा नुसता आकार आहे; काही स्लॉट फक्त साटा घेतात. मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये ‘पीसीआयई’ किंवा ‘एनव्हीएमई’ लिहिलेलं असेल तरच घ्या, आणि तसं असेल तर जरूर घ्या. किमतीत फारसा फरक नसताना साटा घेण्यात अर्थ नाही. लांबीही बघा : २२८० म्हणजे ८० मिलिमीटर, २२४२ म्हणजे ४२. स्लॉट जेन ३ (पीसीआयईची तिसरी पिढी) असेल तर जेन ४ ड्राइव्ह चालेल, पण जेन ३च्याच वेगाने. ड्राइव्ह बसवायचा बारीक स्क्रू लॅपटॉपबरोबर आलाय का ते आधीच पाहा, बहुतेक ड्राइव्हसोबत तो मिळत नाही.