स्थिर, पण कशापुढे?

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

धातू-कार्बन बंध असलेल्या संयुगांचा तुझा तक्ता पाहिला. धातूभोवतीच्या बाह्य इलेक्ट्रॉनांची मोजणी, लोखंडाच्या फेरोसीनला १८, कोबाल्टच्या कोबाल्टोसीनला १९, निकेलच्या निकेलोसीनला २०, आणि पुढे शेरे: स्थिर, अस्थिर, फार अस्थिर. मोजणी बिनचूक आहे, शेरे मात्र पटले नाहीत. स्थिर म्हणजे कशापुढे? उष्णतेपुढे की हवेपुढे?

१८ हा सोयीचा आकडा; त्यावरचे एक-दोन इलेक्ट्रॉन बंधाला मारक अशा कक्षकांत (इलेक्ट्रॉनांच्या जागांत) जातात, म्हणून धातू-कार्बन अंतर वाढतं. लोखंडाशी ते २.०६ अँगस्ट्रॉम, निकेलशी सुमारे २.२०. म्हणजे बंध निकेलोसीनचाच सर्वांत ढिला. पण हवेत आधी बिघडतं ते कोबाल्टोसीन! एक इलेक्ट्रॉन टाकला की ते थेट १८ वर येतं; निकेलोसीनने एक टाकला तरी १९ उरतातच. हे मी पुस्तकातून नाही, नळीच्या तोटीवरून शिकलो. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी तोटीला ग्रीस नीट लावलं नव्हतं. रात्री फ्लास्कमध्ये काळपट जांभळे, सुरेख स्फटिक होते. सकाळी काचेला पिवळट-तपकिरी राड चिकटलेली. शेजारच्या उघड्या बाटलीत फेरोसीन जसंच्या तसं, कापरासारखा वास देत.

१७ वाल्या व्हॅनेडियम हेक्साकार्बोनिलचंही (धातूभोवती सहा कार्बन मोनॉक्साइड) तसंच: एक इलेक्ट्रॉन मिळाला की ते खूश.

अल्किलांकडे (धातूला मिथिल, इथिल असे साधे कार्बन-हायड्रोजन गट जोडलेल्या संयुगांकडे) वळशील तेव्हा मोजणी जरा बाजूला ठेव. टेट्रामिथिल टायटॅनियम शून्याच्या बरंच खाली असतानाच विघटन पावतं. मिथिलऐवजी निओपेंटिल हा मोठा, फांद्यांचा गट लाव, खोलीच्या तापमानाला टिकतं. इलेक्ट्रॉन दोन्हीकडे आठच! फरक गर्दीचा: धातूभोवती दुसऱ्या रेणूला शिरायला वाव उरत नाही. इथिल असेल तर घात आतूनच होतो, बीटा-हायड्रोजन (धातूपासून दुसऱ्या कार्बनवरचा) धातूकडे सरकतो आणि इथिलीन सुटतं. टायटॅनियम-कार्बन बंध मुळात दुबळा नाही. पळवाट सापडली की तुटतो, इतकंच.

आवर्तसारणीच्या गटात खाली जाताना मुख्य गटांची सवय विसर. तिथे शिशाचा कार्बनशी बंध कथिलापेक्षा कच्चा. इथे, संक्रमण धातूंत, उलट: हेक्साकार्बोनिलमधला पहिला कार्बन मोनॉक्साइड सोडवायला क्रोमियमला सुमारे ३७ किलोकॅलरी प्रति मोल लागतात, त्याच गटात खालच्या टंगस्टनला ४६.

तक्त्यात आणखी दोन रकाने आख, ‘कशापुढे’ आणि ‘कोणत्या वाटेने’, आणि पुन्हा पाठव.

तुझा,
सर

ता. क. निकेल टेट्राकार्बोनिलही १८ वालंच. ४३ अंशांना उकळतं आणि भयंकर विषारी आहे. ते तक्त्यातच राहू दे, बाकावर आणू नकोस.