तैवानमधल्या ताम्सुईच्या किल्ल्यात ब्रिटिश वकिलात (कॉन्सुलेट) होती म्हणतात. मग तिचं संग्रहालय कसं झालं?

मी तैपेईत नोकरीला आहे. गावाकडून कुणी आलं की त्यांना ताम्सुई फिरवून आणायचं काम आपसूक माझ्याच गळ्यात पडतं, त्यामुळे हा प्रश्न ओळखीचा आहे. थोडक्यात सांगायचं तर वकिलात बंद पडली, तिच्या चाव्या दोन परक्या देशांच्या हातांतून फिरल्या आणि शेवटी तैवान सरकारकडे आल्या. संग्रहालय हा त्यानंतरचा विचार.

आधी एक घोळ निस्तरू. या किल्ल्याचं फोर्ट सॅन डोमिंगो हे नाव स्पॅनिश, पण आज उभी आहे ती वास्तू डचांची. स्पॅनिश लोकांनी १६२८ मध्ये नदीच्या मुखाशी किल्ला बांधला आणि १६३८ मध्ये जाताना स्वतःच उद्ध्वस्त केला. डचांनी १६४४ मध्ये पक्कं बांधकाम केलं. पुढे चीनच्या छिंग राजवटीने १७२४ मध्ये डागडुजी करून भोवती तट आणि चार दरवाजे उभारले. त्यांतला दक्षिण दरवाजा तेवढा शिल्लक आहे. रायगड-प्रतापगड डोळ्यांसमोर ठेवून जाल तर हिरमोड होईल. हा एकच चौकोनी बुरूज आहे, भिंती मात्र जवळजवळ दोन मीटर जाड. त्याचा लाल रंगही ब्रिटिशांनी दिलेला.

ब्रिटिश आले ते चीनशी झालेल्या दुसऱ्या अफूच्या युद्धानंतर. तहानुसार ताम्सुई बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं होतं. चहा आणि कापूर बाहेर जायचा, अफू आत यायची. १८६१ मध्ये आलेला पहिला उपवकील (व्हाइस कॉन्सल) रॉबर्ट स्विन्हो हा कलकत्त्यात जन्मलेला. गडी वकिलातीच्या कामापेक्षा पक्ष्यांत जास्त रमला. तैवानच्या निळ्या फेझंटला आजही त्याचं नाव आहे. १८६७ मध्ये ब्रिटिशांनी हा किल्ला छिंग सरकारकडून कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला. भाडं वर्षाला १० ताएल, म्हणजे जेमतेम पावणेचारशे ग्रॅम चांदी!

किल्ल्यात कचेरी झाली आणि तळमजल्यावर चार कोठड्या. वकिलातीत तुरुंग कशाला, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. त्या तहांमुळे ब्रिटिश प्रजेवर चिनी न्यायालयात खटला चालवता येत नसे, ब्रिटिश वकील म्हणजे कॉन्सलच न्यायाधीश. कायद्याने त्यात हिंदुस्थानी प्रजाही आली.

शेजारचा लाल विटांचा बंगला म्हणजे वकिलाचं निवासस्थान. हा मला किल्ल्यापेक्षा जास्त आवडतो. विटा चीनमधल्या आमॉयच्या, म्हणजे आजच्या शियामेनच्या. दर्शनी भिंतीवर १८९१ हे साल आणि राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरं कोरली आहेत. जवळच इंग्लंडचा गुलाब आणि स्कॉटलंडचं काटेरी फूलही. कमानींचा रुंद व्हरांडा बघून महाबळेश्वरचे जुने बंगले आठवतात. आत शिरलात की मान वर करून छत बघा. लोखंडी तुळयांच्या मध्ये पन्हाळी पत्रा कमानीसारखा वाकवून बसवलाय आणि वरच्या मजल्याची जमीन त्यावर तोललेली आहे.

आता खरी गंमत. १८९५ मध्ये तैवान जपानकडे गेलं तरी वकिलात चालू राहिली. डिसेंबर १९४१ मध्ये युद्धामुळे बंद झाली, युद्ध संपल्यावर ब्रिटिश परत आले. मग जानेवारी १९५० मध्ये ब्रिटनने पेकिंगच्या, म्हणजे आजच्या बीजिंगच्या, कम्युनिस्ट सरकारला मान्यता दिली. कम्युनिस्टांकडून हरलेलं च्यांग काय-शेकचं चिनी सरकार तोवर तैपेईत येऊन बसलं होतं, आणि ब्रिटनच्या लेखी ते सरकारच नव्हतं. मग ताम्सुईत वकील कसा? तर ब्रिटिशांनी शक्कल लढवली: आमचा वकील फक्त तैवान प्रांताच्या सरकारशी व्यवहार करतो, वरच्यांशी आमचा संबंध नाही. मला विचाराल तर ही निव्वळ कागदी करामत, पण तिच्यावर २२ वर्षं कचेरी चालली.

मार्च १९७२ मध्ये लंडन आणि पेकिंगने एकमेकांकडे राजदूत नेमायचं ठरवलं आणि ताम्सुईची कचेरी बंद झाली. पण भाडेपट्टा ‘कायमचा’ होता ना! ब्रिटिशांनी जागा सोडली, हक्क सोडला नाही. देखभाल सोपवली ऑस्ट्रेलियाकडे. त्याच डिसेंबरात ऑस्ट्रेलियानेही पेकिंगला मान्यता दिली, म्हणून जबाबदारी अमेरिकेकडे गेली. १ जानेवारी १९७९ पासून अमेरिकेनेही तोच रस्ता धरला. वाटाघाटी होऊन जून १९८० मध्ये मालमत्ता तैवान सरकारच्या ताब्यात आली आणि १९८४ च्या अखेरीस लोकांसाठी खुली झाली. किल्ल्यासमोर नऊ झेंडे लावलेले दिसतात, त्यांत ऑस्ट्रेलियाचा कसा, तर तो या काही महिन्यांच्या राखणदारीचा. आत तुम्हाला ताबा घेण्या-देण्याचा हा भाग त्रोटक वाटेल. सगळा भर स्पॅनिश-डच काळावर. मला तर हे उलटं हवं होतं.

जायचं असेल तर मेट्रोच्या लाल मार्गाचं शेवटचं स्टेशन ताम्सुई, तिथून लाल २६ नंबरची बस. शनिवार-रविवारी दुपारनंतर नदीकाठी तोबा गर्दी असते, तेव्हा सकाळीच जा. आधी बंगला नीट बघा, मग किल्ला. बहुतेक जण उलटं करतात आणि बंगल्यात पोचेपर्यंत फोटो काढूनच दमलेले असतात.